वरचा जबडा सर्व बाजूंनी कापल्यावरही हाड जिवंत कसे राहते? माकडांवरील प्रयोगांविषयी शंका

शंकेखोर:
मी मुखशल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि पुढच्या आठवड्यात मला ले फोर्ट १ शस्त्रक्रियेतील (वरचा जबडा आडवा कापून नव्या जागी बसवण्याच्या) रक्तपुरवठ्यावर सेमिनार द्यायचा आहे. वरचा जबडा कवटीपासून सोडवून खाली उतरवला की हाडातून येणारा रक्तपुरवठा तुटतो आणि कधीकधी टाळूकडे उतरणारी मोठी धमनीही बांधावी लागते. तरीही हाड मरत नाही, याचा पुरावा म्हणून अमेरिकी मुखशल्यचिकित्सक विल्यम बेल यांच्या ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगांकडे बोट दाखवले जाते. त्या प्रयोगांत नेमके काय पाहिले गेले आणि ते माणसाला कितपत लागू करावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_शल्यक:
बेल यांनी १९६९ मध्ये वरच्या जबड्याच्या केवळ पुढच्या भागाचा आणि १९७५ मध्ये सहकाऱ्यांसह संपूर्ण वरच्या जबड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळाने माकडाच्या धमन्यांत बेरियमचा द्राव भरायचा, जबड्यातील क्षार आम्लाने काढून टाकायचे आणि मऊ झालेल्या हाडाचे काप करून त्यांची क्ष-किरण चित्रे घ्यायची, अशी ही पद्धत. या चित्रांत टाळू आणि हिरड्यांच्या मऊ ऊतींतून हाडात शिरणाऱ्या वाहिन्या दिसतात. बी रुजल्यावर मातीत पसरणाऱ्या मुळ्या डोळ्यांसमोर आणा. जबडा टाळूची श्लेष्मल त्वचा आणि हिरड्या यांच्या आधारावर राहिला, तर रक्ताची टंचाई तात्पुरती असते, हाड फारच थोडे मरते आणि कापलेल्या कडा सांधतात. हाड एखाद्या नावाच्या धमनीवर नव्हे, तर मऊ ऊतींच्या जाळ्यावर जगते, हे त्यांतून दिसले. सेमिनारमध्ये हा मुद्दा धमन्यांच्या यादीआधी मांडावा, असे माझे मत आहे.

पशुवैद्य_अकोला:
प्राण्याची निवड का महत्त्वाची, तेही सांगावे. ऱ्हीससला माणसाप्रमाणेच ३२ दात असतात आणि त्याच्या वरच्या जबड्यात सायनसची पोकळी असते. कुत्र्याला ४२ दात आणि लांब मुस्कट, त्यामुळे कापाची रेषा व पेडिकलची (हाडाला चिकटून रक्त पुरवणाऱ्या मऊ ऊतींच्या पट्ट्याची) लांबी दोन्ही बदलतात. एक अवांतर गोष्ट, पण आपल्याला लागून असलेली : अमेरिकेतील प्रयोगशाळांना ही माकडे तेव्हा मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जात, आणि आपल्या सरकारने ती निर्यात १९७८ मध्ये बंद केली.
मर्यादेबद्दलही एक सांगतो. बेरियमचे चित्र त्या क्षणी उघडी असलेली वाहिनी दाखवते. तिच्यातून मिनिटाला किती रक्त वाहते, हे सांगत नाही. ते मोजायला किरणोत्सारी सूक्ष्मगोलक रक्तात सोडतात, ते केशवाहिन्यांत अडकतात आणि कोणत्या ऊतीत किती किरणोत्सार आला, यावरून प्रवाह काढतात. ‘वाहिनी दिसली’ आणि ‘पुरेसे रक्त पोहोचले’ ही दोन वेगळी विधाने आहेत, म्हणून ती एकाच वाक्यात जोडू नका.

शंकेखोर:
हा फरक माझ्या मसुद्यात पूर्णच निसटला होता. एक प्रश्न उरतो : टाळूकडे उतरणारी धमनी बांधल्यावर माणसात ते जाळे भरते तरी कोण?

निवृत्त_शल्यक:
मुख्यतः चेहऱ्याच्या धमनीची टाळूकडे चढणारी शाखा आणि घशाच्या चढत्या धमनीची एक शाखा. या दोन्ही मऊ टाळूतून मागच्या बाजूने येतात, म्हणून वरचा जबडा खाली उतरवला तरी त्या शाबूत राहतात. बेल यांच्या गटाने १९९५ मध्ये जबड्याचे अनेक तुकडे करून आणि टाळूकडे उतरणाऱ्या वाहिन्या कापूनही माकडांत जखम भरून येताना पाहिली. पण ती माकडे ना सिगारेट ओढत होती, ना टाळूची जुनी शस्त्रक्रिया झालेली होती. दुभंगलेल्या टाळूच्या रुग्णात मागच्या ऊतींत आधीच्या शस्त्रक्रियेचा व्रण असतो, तिथे हा आधार गृहीत धरू नये.
शस्त्रक्रियागृहातली एक सवय सांगतो. जबडा नव्या जागी बसवल्यावर पुढच्या हिरडीवर बोटाने दाबून सोडावे आणि पांढरेपणा जाऊन गुलाबी रंग परत येतो का, ते पाहावे. माझ्या एका रुग्णाची हिरडी निळसर पडली, तेव्हा दोष धमनीचा नव्हता : ॲक्रिलिकची स्प्लिंट (जबडा नव्या जागी धरून ठेवणारी दातांवरची साचेबंद पट्टी) टाळूवर घट्ट बसली होती. ती काढून आतून घासली आणि जबडा दोन मिलिमीटर मागे घेतला, तेव्हा रंग परतला.



शंकेखोर:
आता स्लाइडचा क्रम बदलतो : आधी मऊ ऊती, मग धमन्या, मग स्प्लिंट.