कमी रनिंगची स्पोर्ट्स कार: मीटर बघायचा की गाडी?

फोंडेकर
परवा पर्वरीकरांनी लिहिलं की जुनी स्पोर्ट्स कार वीस हजार किलोमीटरच्या वर चाललेली असेल तर बघायलाही जाऊ नका, आणि १२,००० चाललेली पोर्शेची २००८ ची बॉक्स्टर मिळत असेल तर डोळे झाकून टोकन द्या. हे वाचून कुणीतरी खरंच टोकन देईल म्हणून सविस्तर लिहितोय.

२००८ ची गाडी, १२,००० किलोमीटर. म्हणजे वर्षाला हजारसुद्धा नाही. मग उरलेले दिवस ती होती कुठे? आपल्या गोव्यात. खारी हवा, चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने लाल धूळ. उभ्या गाडीचे सील सुकतात, टायर एका जागी दबतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. बॉक्स्टरच्या पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून टॉर्च मारून बघा. रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर तिथेच असतात. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत आत पाला आणि माती कुजून काळा लगदा झालेला असतो आणि कंडेन्सर त्यानेच सडतो. मीटरवर यातलं काही दिसत नाही. शिवाय २००८ पर्यंतच्या त्या इंजिनात आयएमएस बेअरिंग आहे, म्हणजे इंजिनाच्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं की इंजिनच जातं. २००९ मॉडेलला इंजिनच नवीन आलं आणि तो शाफ्टच गेला. वर्षभर फिरणारी, दरवर्षी तेल बदललेली ५०,००० ची २००९ समोर असेल तर मी १२,००० च्या २००८ कडे वळूनही बघणार नाही.

पर्वरीकर
मीच तो. मी लिहिलं ते अनुभवावरून लिहिलं. गाडी चालली की झिजते, यात वाद कसला? क्लच, बुश, शॉक अ‍ॅब्झॉर्बर, डिस्क, सगळं किलोमीटरवरच जातं. माझ्या मावसभावाने सत्तर हजार चाललेली रोडस्टर घेतली, "सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण आहे" म्हणून. पहिल्या पावसाच्या आत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला. त्या बिलात पर्वरीत दुकानाचं वर्षाचं भाडं निघालं असतं. तुमचे सील आणि पाला काही हजारांत निघतात. गिअरबॉक्स निघत नाही.

वास्कोवाला
टायरचं कुणी बोललंच नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०८१४ म्हणजे २०१४ चा आठवा आठवडा. मी एक गाडी बघायला गेलो होतो, मीटरवर १४,०००, आणि चारही टायर बदललेले. १४,००० मध्ये टायर कसे झिजले? मीटर मागे केलेला, दुसरं काय.

फोंडेकर
वास्कोवाले, तुमचं अर्धंच बरोबर. टायर सहा-सात वर्षांत कडक होतात, नक्षी शिल्लक असली तरी. जबाबदार मालक ते वयावर बदलतो, रनिंगवर नाही. उलट २००८ च्या गाडीला २००८ चेच टायर असते तर मी म्हणालो असतो, हिची काळजी कुणी घेतलीच नाही.

वास्कोवाला
बरं, टायरचं मानलं. पण ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड फाटलेली होती आणि स्टीअरिंगचं लेदर दोन्ही बाजूंनी आरशासारखं झालेलं. तेही वयाने झालं म्हणायचं?

डिचोलीचा मेस्त
सीट आणि लेदर दोन तासांत नवीन होतं. ते बघून भाव पाडता येतो, गाडी कळत नाही. पोर्शेच्या ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, इंजिन एकूण किती तास चाललं ते नोंदलेलं असतं. स्कॅनर लावून रिपोर्ट काढा. समजा १,६०० तास आले आणि मीटर १८,००० म्हणतो. भागाकार करा, ताशी अकरा किलोमीटर. अकराच्या वेगाने बॉक्स्टर कुणी चालवतं? तेच ४८,००० असते तर ताशी तीस येतं, म्हापसा-पणजीच्या रहदारीला ते पटतं. मीटरचा आकडा बदलणारे पुष्कळ आहेत, तास बदलायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

त्याच रिपोर्टमध्ये ओव्हररेव्हही दिसतं. मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथा टाकताना चुकून दुसरा पडला की इंजिन मर्यादेच्या वर फिरतं, इंजिनाचा वेग रोखणारा लिमिटर तिथे काही करू शकत नाही. असं कितीदा झालं, शेवटचं कितव्या तासाला झालं, सगळं लिहिलेलं असतं. पाचशे तासांपूर्वीचं असेल आणि इंजिन अजून नीट असेल तर मी घाबरत नाही. मागच्या वीस तासांतलं असेल तर मी ती गाडी सोडतो. पर्वरीकर, तुमच्या भावाच्या गाडीचा स्कॅन केला होता का?

पर्वरीकर
नाही केला. विकणारा ओळखीचा होता.

शिवोलीकर
स्कॅन, तास, सगळं ठीक. आधी नंबर प्लेट बघा! आमच्या शिवोली-आसगाव-हणजूण पट्ट्यात मोठमोठ्या बंगल्यांखाली डीएल, एचआर, एमएचच्या स्पोर्ट्स कार वर्षानुवर्षं उभ्या आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं, १२ महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यायचा. घेतो कोण? टॅक्स भरतो आम्ही, रस्ते वापरतात हे. आणि कंटाळा आला की तीच गाडी "गोवा कार, लो रनिंग" म्हणून आपल्याच गळ्यात.

आसगावचा रहिवासी
मी पुण्याचा, इथे राहायला आलोय, माझी गाडी जीए नंबरची आहे आणि टॅक्स इथेच भरलाय. प्रत्येक बाहेरच्याला चोर ठरवू नका. माझ्या शेजारचे अस्सल गोंयकार पुद्दुचेरीच्या नंबरवर गाडी फिरवतात, त्यांना कुणी काही बोलत नाही.

शिवोलीकर
तुम्ही भरला, चांगलं केलं. पण एका तुमच्यामुळे बाकीचे शंभर सुटत नाहीत. सुट्टीला येणारे गावच्या अरुंद रस्त्यावर रात्री दोन वाजता एक्झॉस्ट वाजवत जातात. माझी आई आजारी आहे, ती दचकून उठते. मला कसलीही स्पोर्ट्स कार दिसली की आता राग येतो.

आसगावचा रहिवासी
आईंचं वाचून वाईट वाटलं. आवाजाची तक्रार करा, मी सही देतो. पण भायलो, म्हणजे बाहेरचा, म्हणून शिवी खाणार नाही.

वास्कोवाला
प्लेटचा मुद्दा गाडी घेणाऱ्यालाही लागू आहे. दिल्लीत पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची व्हायला आली की मालक ती बाहेर काढतो, एनओसी घेऊन ती कुठेही पोचते. चेन्नईत डिसेंबर २०१५ च्या पुरात बुडालेल्या गाड्या लिलावात गेल्या, त्याही कुठेतरी चालतच आहेत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या शेवटच्या वीतभर पट्टीवर मातकट रेघ असेल तर समजा. तो भाग धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

फोंडेकर
शिवोलीकर, तुमचा राग मला समजतो आणि बाहेरच्या नंबरला मीही घाबरतो, पण वेगळ्या कारणाने. सर्व्हिसची जॉब कार्डं दुसऱ्या शहरात राहतात. प्रत्येक जॉब कार्डावर तारीख आणि मीटर लिहिलेला असतो, ती ओळीने लावली की सगळं कळतं. ती नसतील तर इन्शुरन्स मध्ये खंडित झाला होता का विचारा, नव्या पॉलिसीच्या इन्स्पेक्शनला मीटरचा फोटो काढतात. पर्वरीकरांच्या भावाचा "पूर्ण रेकॉर्ड" म्हणजे कागद होते की नुसता शब्द?

पर्वरीकर
दोन बिलं होती. दोन्ही शेवटच्या वर्षातली. ठीक आहे, ते रेकॉर्ड नव्हतं, धरा. वीसचा हट्टही सोडतो, पण पन्नास हजारांच्या वर मी जाणार नाही, तुम्ही कितीही भागाकार करा. आणि ती २००८ ची बॉक्स्टर मी शनिवारी बघायला जाणारच आहे.

शिवोलीकर
नंबर कुठला आहे तिचा?

पर्वरीकर
एमएच. बंगला आसगावात.

शिवोलीकर
बघा!

डिचोलीचा मेस्त
जा, पण टोकन देऊ नका. मी स्कॅनर घेऊन येतो. विकणाऱ्याला आजच सांगा की आम्ही पोचेपर्यंत गाडी चालू करायची नाही, इंजिन थंड हवं. पोचल्यावर बोलणं सुरू व्हायच्या आधी सायलेन्सरच्या टोकाला हात लावा. गरम लागला तर त्याने सुरुवातीचा धूर आणि आवाज आधीच घालवलाय, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढवायला नाही म्हणाला तर मात्र मला फोनसुद्धा करू नका. आणि लिफ्टचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे, ते विकणाऱ्याकडे मागू नका.