भिडेवाडा पाडला ते बरोबर झालं का?

मंडईकर: पुण्यातला दगडूशेठ गणपतीसमोरचा भिडेवाडा ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पालिकेने पोलीस बंदोबस्तात उतरवला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. जागा तात्यासाहेब भिड्यांची. आता तिथे राष्ट्रीय स्मारक होणार. स्मारकाला ना नाही, पण ज्या वास्तूचं स्मारक करायचं तीच आधी भुईसपाट करायची? तुळया, खांब, चौकटी नंबर टाकून एकेक उतरवता येतात. रात्रीतून जेसीबीने नाही.

गवळीआळी: तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं हो तिकडे? खाली दुकानांच्या पाट्या, वरचे मजले मोडकळीला आलेले, भिंतीत झाडोरा. गाळेधारक आणि पालिका वर्षानुवर्षं कोर्टात. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यावर आणखी थांबले असते तर वाडा आपणहूनच पावसात बसला असता.

पर्वतीपायथा: मोडकळीला आला म्हणून पाडायचं तर निम्म्या पेठा पाडा की! विश्रामबागवाडा दुरुस्त करता येतो ना? १६ नोव्हेंबर १८५२ ला इंग्रज अधिकारी मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला तो तिथेच. म्हणजे सत्काराची जागा जपली, शाळेची पाडली.

गवळीआळी: विश्रामबाग पेशव्यांचा आणि सरकारच्या ताब्यातला. इथे मालकी, भाडेकरू, कज्जे. तुलना चुकतेय.

वेताळपेठ: दोघंही एका वाड्यात अडकलात. १८४९ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं. ३ जुलै १८५१ ला बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, सप्टेंबरात रास्ता पेठेत, १८५२ च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत (आजची गुरुवार). या जागांसाठी कुणी मोर्चा काढलेला मला तरी आठवत नाही.

मंडईकर: म्हणून जी एक उरली होती तीही घालवायची? हा युक्तिवाद माझ्याच बाजूचा आहे. पाडण्याआधीची मोजमापं आणि फोटो पालिकेने लोकांसमोर ठेवावेत, एवढंच म्हणतो.

वेताळपेठ: ते ठेवावेतच. पण पुतळा आणि दिव्यांचा झगमगाट करण्यापेक्षा स्मारकात मुलींचे वर्ग भरवा.

गवळीआळी: आणि पोरी यायच्या कुठून? संकष्टीला दर्शनाची रांग असते, तिथे सायकलसुद्धा निघत नाही. आधी तो रस्ता मोकळा करून दाखवा, मग वर्गांचं बोलू.