मदत हवी आहे : घराण्यात मधुमेह आणि मूत्रपिंडविकार, जनुकीय चाचणी करावी का?

रानजाई
माझे वडील मूत्रपिंडे निकामी होऊन गेले आणि गेल्या महिन्यापासून थोरल्या भावाचे डायलिसिस सुरू झाले आहे. दोघांनाही मधुमेह आणि मलाही आहे. एका खासगी प्रयोगशाळेत मूत्रपिंडविकाराचा जनुकीय धोका सांगणारी चाचणी होते. पैसे शनिवारपर्यंत भरायचे आहेत. करावी की नाही, एवढेच कृपया लवकर सांगा.

घाटमाथा
मधुमेह कोणत्या प्रकारचा, किती वर्षांचा, रक्तदाब किती आणि लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) कधी तपासले आहे का, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रानजाई
टाइप २, सहा वर्षे. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ०.८ आहे, म्हणजे मूत्रपिंडे उत्तमच असणार. माझा प्रश्न जनुकांचा आहे.

जुनाजाणता
माझी साखर चोवीस वर्षे ताब्यात आहे, रोज पाच किलोमीटर चालतो आणि मूत्रपिंडे ठणठणीत आहेत. घराण्याकडे बोट दाखवण्यापेक्षा पथ्य पाळावे.

घाटमाथा
पथ्याचे महत्त्व मान्य, परंतु घराण्याचा वाटा नाकारता येत नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पिमा या मूळनिवासी लोकांच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आईवडील आणि अपत्य अशा सर्वांनाच मधुमेह असलेल्या कुटुंबांत, आईवडिलांपैकी कोणाच्याही लघवीतून प्रथिने जात नसतील तर १४ टक्के अपत्यांत, एकाच्या जात असतील तर २३ टक्के आणि दोघांच्याही जात असतील तर ४६ टक्के अपत्यांत तोच दोष आढळला.

जुनाजाणता
एका घरात स्वयंपाकही एकच असतो, तेव्हा सारे श्रेय जनुकांना देऊ नये.

पेशी_केंद्रक
तेही खरे आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पडद्यात चौथ्या प्रकारचे कोलॅजन हे प्रथिन असते आणि त्याच्या सीओएल४ए३ या जनुकातील एक बदल मूत्रपिंडाचे काही अंशी रक्षण करतो, असे २०१९ साली टाइप १ मधुमेहाच्या सुमारे १९,००० रुग्णांच्या अभ्यासात दिसले. मात्र ते रुग्ण युरोपीय वंशाचे होते. एपीओएल१ या जनुकातील मूत्रपिंडाला धोकादायक बदल प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात. अशा चाचणीने तुमचे उपचार बदलणार नाहीत, म्हणून माझे मत नकाराचे आहे. वडिलांना किंवा भावाला मूत्रपिंडात पाण्याने भरलेल्या गाठी होत्या का, हे मात्र विचारा, कारण मोठेपणी दिसणारा बहुपुटी मूत्रपिंडविकार बहुधा एकाच जनुकामुळे होतो आणि तो अपत्यात येण्याची शक्यता ५० टक्के असते.

शुभंकर
भावाला मूत्रपिंड देण्याचा विचार चालला आहे का? १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार बहीण जवळची नातेवाईक ठरते, पण मधुमेह असताना तुम्ही पुढे होऊ नये.

रानजाई
दानाचा विषय निघालेला नाही. भावाच्या सोनोग्राफीत गाठी नव्हत्या आणि मधुमेहामुळे त्याच्या डोळ्यांवर लेसर उपचार झाले होते. वडिलांचे कागद सापडत नाहीत. माझ्या लघवीतील अल्ब्युमिन मात्र आजवर कोणीच तपासले नाही.

घाटमाथा
मग शनिवारचे पैसे राहू द्या आणि ती तपासणी आधी करा. टाइप २ मध्ये ती निदान झाल्यापासून दरवर्षी व्हायला हवी, कारण अल्ब्युमिन जाऊ लागले तरी क्रिएटिनिन पुष्कळ काळ चांगले दिसू शकते. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, पाळी किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असताना देऊ नका. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा अधिक आले, तर तीन ते सहा महिन्यांत आणखी दोनदा तपासून डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब अजून लिहिलेला नाही, तोही कळवा.