ऑनलाईनचे मार्क आणि वर्गातले मार्क एकाच तराजूत तोलायचे का? (बी.कॉम., बीबीए, एमबीएवाल्यांनी बोला)

सीएचबी_मास्तर, सांगली
गेली काही वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं पगार, कॉलेजात कॉस्टिंग (मालाला खर्च किती पडला ते काढणं) शिकवतोय. सकाळी वर्गात बी.कॉम., रात्री आठला ऑनलाईन बॅच, सिलॅबस जवळजवळ एकच. परवा रिझल्ट लागला आणि ऑनलाईनवाले वर्गापेक्षा पुढं. संस्थेनं लगेच ग्रुपवर टाकलं, अंगठे आले, आणि आता पुढच्या वर्षी वर्गाची एक तुकडी बंद करायचं घाटतंय म्हणे.

माझं म्हणणं, हे मार्क शेजारी शेजारी ठेवायच्या लायकीचेच नाहीत. ऑनलाईनची परीक्षा घरी बसून, चार पर्यायांची. वर्गातल्यांना तीन तास हातानं गणितं. एकाला किलोनं मोजलं आणि दुसऱ्याला पायलीनं.

प्रोसेस कॉस्टिंगला, म्हणजे प्रक्रिया करून बनणाऱ्या मालाच्या खर्चाला, मी दरवर्षी हळदच घेतो, सांगलीत दुसरं काय घेणार. पाच क्विंटल ओली हळद शिजवून वाळवली, अंदाजानं एक क्विंटल सुकी यायला पाहिजे, आली ९० किलो. हळद, जळण, मजुरी मिळून खर्च १५,०००. किलोला काय पडली? निम्म्याहून जास्त पोरं ९० नं भागतात आणि १६७ रुपये लिहून मोकळी. चूक. १०० नं भागायचं, १५० येतात, आणि जास्तीच्या घटीतल्या १० किलोचे १,५०० वेगळे काढून नफा-तोट्यात टाकायचे, कारण गड्याला डुलकी लागली आणि हळद करपली त्याचा भुर्दंड चांगल्या हळदीवर कशाला. वाळून जाणारं पाणी हा नॉर्मल लॉस, डुलकी ॲबनॉर्मल. वर्गात कुणाला कळलं नाही ते मला तोंडाकडं बघून कळतं, परत सांगतो. ऑनलाईन सगळे कॅमेरे बंद, 'कळलं का' विचारलं की चॅटमध्ये वीस 'येस सर'. पेपरात पर्यायात १५० दिसतं, टिक. परवा सहज तोंडी विचारलं तर तेच पोरगं १६७ म्हणालं.

यार्डातला_दिवाणजी
सर राग मानू नका पण हा घोळ तुमच्या संस्थेच्या परीक्षेचा आहे, त्यात ऑनलाईनचा काय दोष? मी ३४ चा, मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी. दिवसभर सौदे, पट्ट्या, हमाली-तोलाईचा हिशोब, रात्री नऊला जेवून लॅपटॉप उघडायचा असं दोन वर्षं करून ऑनलाईन एमबीए केलं. आमची परीक्षा कॅमेरा चालू ठेवून होती, मान वळवली तरी वॉर्निंग यायची. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातनं (जमिनीखालचं कोठार) निघालेली हळद तोलताना लहानपणापासनं बघितलीय त्यामुळं घट काय असते ते मला वर्गात जाऊन शिकायची गरज पडली नाही. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीनंच (विद्यापीठ अनुदान आयोग) सांगितलं की मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाईन आणि दूरस्थ डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची. मग तुम्ही आम्ही कोण वेगळं काढणारे?

सीएचबी_मास्तर
दिवाणजी, डिग्री बरोबरीची मानतात, शिकणं बरोबरीचं झालं असं यूजीसी कुठं म्हणते? आणि तुम्ही माझाच मुद्दा मांडलात बघा. तुम्ही ३४ चे, पोटापाण्याला लागलेले, फी स्वतःच्या खिशातली. माझ्या वर्गात अठराचं पोरगं, बापानं ॲडमिशन घेतलं म्हणून आलेलं. तुमचे मार्क त्याच्यापेक्षा जास्त आले तर ते ऑनलाईनमुळं का तुमच्यामुळं? तुम्हाला झाडाखाली बसवलं असतं तरी पास झाला असता.

आकडेमोड_सातारा
मास्तरांच्या बाजूनं दोन गोष्टी टाकतो. अमेरिकेत वेस्ट पॉइंटला, म्हणजे तिथल्या मिलिटरी अकॅडमीत, २०२० मध्ये अर्थशास्त्राच्या कोर्सला कोण ऑनलाईन आणि कोण वर्गात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. कुणी स्वतः निवडलंच नाही, त्यामुळं दिवाणजींसारखा कष्टाळू माणूस एकाच बाजूला गोळा व्हायचा प्रश्न मिटला. मास्तर तेच, परीक्षा तीच. ऑनलाईनवाले मागं पडले, आणि मुळात कच्चे होते ते जास्त मागं. दुसरं अमेरिकेतल्याच डेव्हराय विद्यापीठाचं, तिथं बिझनेसची पोरं भरपूर. २०१७ चा अभ्यास आहे, पोरं स्वतः निवडतात हा घोळ बाजूला काढला तर ऑनलाईन घेतल्यानं ४ पैकी मोजायच्या ग्रेडमध्ये ०.४४ ची घसरण. बरं तेवढ्यावर थांबलं नाही, पुढच्या कोर्सलाही ती पोरं कमी पडली आणि मध्येच सोडणारेही जास्त निघाले. पहिलवानाला घरी व्हिडिओ बघून डाव येत नाही, तालमीत अंगाला माती लागावी लागते.

मिरजेची_ताई
आकडेमोड दादा, दुसरी बाजू पण टाकायची की. अमेरिकेच्या शिक्षण खात्यानंच २०१० मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, त्यात ऑनलाईनवाले सरासरीनं थोडे पुढं निघाले. थोडं वर्गात थोडं ऑनलाईन असं मिसळून शिकलेले वर्गवाल्यांपेक्षा चांगलेच पुढं. हां, त्यांनीच लिहिलंय की ऑनलाईनवाल्यांना बऱ्याच ठिकाणी वेळ आणि साहित्य जास्त मिळालं होतं, त्यामुळं सगळं श्रेय स्क्रीनला देऊ नका. पण म्हणजे वेळ दिला की जमतं ना? माझं स्वतःचं सांगते, वर्गात बॅलन्सशीट एकदाच शिकवली, मागच्या बाकावर अर्धी ऐकू आली. रेकॉर्डिंग मी चार वेळा बघितलं. सर चार वेळा सांगतील का?

सीएचबी_मास्तर
सांगतो ताई. तासाला पैसे मिळतात. (गंमत)

जतचा_बाप
तुम्ही सगळे सांगली-मिरज-साताऱ्यात बसून बोलताय. माझी पोरगी बी.कॉम.ला सांगलीला येऊन जाऊन करत होती, पहाटे साडेपाचला स्टँडवर, घरी परत अंधार पडल्यावर. २०२१-२२ चा एसटीचा संप झाला तेव्हा महिनोन्महिने वडापच्या (खाजगी जीप) भरवशावर, नाहीतर घरी. तिच्या बरोबरच्या दोघींची लग्नं लावून टाकली, कॉलेजला जाता येत नाही म्हणून. त्यांचे मार्क कुठल्या अभ्यासात मोजले? वर्गात बसलेल्यांची सरासरी काढता, जे वर्गापर्यंत पोचलेच नाहीत त्यांचा शून्य कुणी धरायचा?

पोवई_नाका
बाबा तुमचं खरं आहे, त्यावर बोलायला तोंड नाही. तरी एक सांगतो. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटील) १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातीची पोरं एका ताटाला, एका कामाला. नुसती पुस्तकं घरपोच करून ते झालं नसतं. बिझनेस शिकणं म्हणजे चार परक्या माणसांबरोबर भांडून, जमवून काम उरकणं, ते हेडफोन घालून कसं येणार?

जतचा_बाप
अण्णांनी बोर्डिंग काढलं कारण खेड्यातल्या पोराला शाळा लांब होती. त्यांनी अंतर कमी केलं. तुम्ही अण्णांचं नाव घेऊन ते वाढवताय.

पोवई_नाका
🙏 ह्याला उत्तर नाही. पण हेडफोनचा मुद्दा सोडत नाही.

कुपवाड_एमआयडीसी
मी फाउंड्रीत अकाउंट्सला पोरं घेतो. डिग्री कशी मिळवली ते बघत नाही, एक खरेदीचं रजिस्टर देतो, जीएसटीआर टू-बी (सप्लायरनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी) देतो आणि म्हणतो फरक शोध. म्हणजे सप्लायरनं बिल त्यात दाखवलंच नाही, का नंबर चुकलाय, का पुढच्या महिन्यात टाकलंय. वर्गातली गप्प बसतात, ऑनलाईनवाली मोबाईल काढू का विचारतात. जे एखादं नीट करतं ते बहुतेक कुठल्यातरी दुकानात बसलेलं असतं. दिवाणजी, तुम्ही कधी मोकळे आहात?

यार्डातला_दिवाणजी
आधी पगार सांगा साहेब 😄

सीएचबी_मास्तर
ताईंचं रेकॉर्डिंगचं पटलं, वर्गाच्या तासाचंही करून ठेवीन म्हणतो. जतच्या बाबांचं तर झोपेत पण आठवणार आहे, मी तुकडी वाचवायच्या नादात त्या मुलींचा विचारच केला नव्हता. पण संस्थेचा तो मेसेज मला अजून खोटाच वाटतो. म्हणून प्राचार्यांकडून एवढं मान्य करून घेतलंय, दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्ही बॅच एकाच हॉलमध्ये, एकच पेपर, पर्याय नाहीत, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर. लांबच्यांना जाण्या-येण्याचं भाडं संस्था देणार, तेवढ्यासाठी अर्धा तास भांडलो. दोन्हीकडची पोरं मुळातच वेगळी आहेत हे राहीलच, पण निदान माप तरी एक होईल.

यार्डातला_दिवाणजी
बाहेरचा माणूस बसला तर चालेल का? पण सर, हळदीचं गणित टाकू नका, इथं सगळ्यांना उत्तर माहीत झालंय. बेदाण्याचं टाका.