अल्टिस २००९ ऑटोमॅटिक: गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टर आता बदलावा का?

गंगापूररोडकर
गाडी २००९ ची टोयोटा अल्टिस १.८, चार गिअरची ऑटोमॅटिक. रनिंग १ लाख १२ हजार. आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बुकात गिअरबॉक्स ऑइलची नोंदच नाही. डिपस्टिकवर ऑइल गडद तपकिरी दिसतंय, जळका वास नाही. सकाळी थंड गाडीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हलका झटका बसतो, गरम झाली की जातो. कसारा घाटात भरल्या गाडीनेही स्लिप नाही, म्हणजे इंजिन नुसतं घुमून ओढ कमी पडत नाही. एक गॅरेज म्हणतं मशीन लावून फ्लश करा (सगळं ऑइल एकदम बदला), दुसरं म्हणतं इतकी वर्षं बदललं नाही तर आता हात लावू नका. कोणाचं ऐकू? ऑइल किती आणायचं?

सिडको_ऑटो
दोघांचंही नको. वास नाही, घाटात स्लिप नाही, म्हणजे क्लच प्लेटा शाबूत आहेत. ऑइल बदला, पण टप्प्याटप्प्याने. "ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स बसला" असं ज्या गाड्यांबद्दल ऐकू येतं, त्यातल्या बहुतेक आधीच स्लिप मारत असतात. प्लेटा संपल्यावर शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं.

मशीन फ्लशला माझा विरोध दोन कारणांनी. इतक्या वर्षांचा बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हवा तिकडे वळवणारा भाग) बारीक वाटांत अडकू शकतो. आणि फ्लशवाले बहुतेकदा चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उघडतच नाहीत, त्यामुळे फिल्टर आणि लोखंडी कण धरणारी चुंबकं आहेत तशीच राहतात.

गिअरबॉक्समध्ये एकूण सहा-साडेसहा लिटर ऑइल असतं. ड्रेन नट खोलून त्यातलं अडीच ते तीन लिटरच बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमार्फत जोडणारा भाग) आणि कूलरच्या पाइपांत राहतं. म्हणजे एका वेळी ४०-४५ टक्के बदलतं. हेच तीनदा केलं, मध्ये पाचशे ते हजार किमी गाडी चालवली, की ८० टक्क्यांच्या आसपास ऑइल नवं होतं. १० लिटर घेऊन ठेवा. फिल्टर आणि चेंबरचं गॅस्केट पहिल्याच वेळी, पुढच्या दोन्ही वेळा फक्त ड्रेन नट.

ऑइल कुठलं ते डिपस्टिकवरच कोरलेलं असतं. डब्ल्यूएस (टोयोटाच्या ऑइलचा प्रकार) लिहिलं असेल तर डब्ल्यूएसच. डब्ल्यूएस टोयोटाच्याच जुन्या टी-फोर ऑइलपेक्षा पातळ आहे, दोन्ही एकमेकांऐवजी चालत नाहीत. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" म्हणून सुटं लाल ऑइल कोणी दाखवलं तर घेऊ नका. आणि नंतरच्या सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) अल्टिसला यातलं काहीच लागू नाही, तिचं ऑइल वेगळं.

पाना_दहाचा
चेंबर उघडायचं असेल तर थोडं सविस्तर सांगतो, घोटाळे इथेच होतात.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून ऑइल कोमट करा, उकळतं नको. पुढची बाजू घोड्यांवर (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. गिअरबॉक्सच्या ड्रेन नटला ऍलन कीची खाच असते, इंजिनच्या नटाला साधं षटकोनी डोकं. घाईत इंजिन ऑइल सोडून देतात आणि वरून गिअरबॉक्समध्ये आणखी तीन लिटर ओततात. खोलण्याआधी नट नीट ओळखा.

निघालेलं ऑइल खुणा केलेल्या बाटल्यांत मोजून ठेवा. नंतर किती घालायचं हे त्या मापावरून ठरतं, पुस्तकातल्या आकड्यावरून नाही.

चेंबरचे बोल्ट दहाच्या पान्याचे. तीन बाजूंचे काढा, चौथ्या बाजूचे नुसते सैल करा आणि चेंबर त्या बाजूला झुकवा. आत अजून ऑइल असतं, ते एका कोपऱ्यातून सांडू द्या. फिल्टर काढताना वाटीभर आणखी अंगावर येतं. फिल्टरचे बोल्ट ज्या जागेचे त्याच जागी परत, म्हणून पुठ्ठ्यावर खोचून ठेवा. जुन्या फिल्टरची सील वर चिकटून राहिली नाही ना हे बोट फिरवून बघा. जुनीवर नवी बसली तर फिल्टर हवा ओढतो, ऑइलला फेस येतो आणि गाडी स्लिप मारायला लागते.

आता चुंबकं बघा. राखाडी, मऊ लेप असेल, बोटांत चोळल्यावर खरखर नसेल, तर ती नेहमीची झीज. टोचणारे लोखंडी कण किंवा तुकडे असतील तर बेअरिंग नाहीतर गिअर खराब होतोय. पितळी रंगाचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, तो चेंबरच्या तळाशी बघा; तो बुशचा असतो. काळे पापुद्रे ढिगाने असले तर क्लचचं अस्तर सुटतंय, मग उरलेल्या ऑइलवर पैसे घालण्याआधी गिअरबॉक्स दाखवा. फोटो काढून इथे टाका.

पुसायला धागे सुटणारी चिंधी नको. गॅस्केट कोरडंच बसवा, सिलिकॉन अजिबात नको, त्याचे दोरे आत सुटून फिल्टरवर जातात. चेंबरचे बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत घट्ट करा. पाच ते आठ न्यूटन-मीटर एवढंच, म्हणजे लहान रॅचेट मनगटाने फिरवायचा. जास्त आवळलं की गॅस्केट बाहेर फुगतं, चेंबरची कड वाकते आणि गळती तिथूनच सुरू होते. ड्रेन नटाला नवा वॉशर. नटाचा आटा आधीच गेलेला निघाला तर टेप गुंडाळून भागवू नका, अंबड-सातपूरला लेथवाल्याकडून आटा नीट करून घ्या.

गंगापूररोडकर
धन्यवाद. ऑइल वरून कुठून घालायचं? आणि लेव्हल इंजिन बंद करून बघायची ना?

पाना_दहाचा
डिपस्टिकच्याच नळीतून, लांब बारीक तोंडाच्या नरसाळ्याने. मोजलेल्यापेक्षा पाव लिटर कमी घाला.

लेव्हल इंजिन चालू ठेवून. गाडी सपाट जागेवर, घोड्यांवर नाही. ब्रेक दाबून लिव्हर पी पासून एल पर्यंत आणि परत, प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत. मग पी मध्ये आयडलवर डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल ७०-८० अंशांवर असताना "हॉट" पट्ट्यात हवं. थंड असताना त्या पट्ट्यापर्यंत भरलं तर गरम होऊन फुगल्यावर जास्त होतं. मग फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, दाब कमी होतो आणि ब्रीदरमधून (गिअरबॉक्सची हवा सोडणारी वाट) ऑइल बाहेर फेकलं जातं. कमी भरलं तर पंप हवा ओढतो, डी टाकल्यावर गाडी उशिरा पकडते.

इंदिरानगर_सिटी
माझी होंडा सिटी २०१०, पाच गिअर ऑटोमॅटिक. हीच पद्धत चालेल?

सिडको_ऑटो
नाही. तुमच्या गिअरबॉक्सला खालून उघडणारा चेंबरच नाही. मुख्य जाळी आत असते, ती गिअरबॉक्स खोलल्याशिवाय निघत नाही. "फिल्टरही बदलला" असं बिलावर लिहून आलं तर जुना दाखवा म्हणा. तुम्हाला फक्त ड्रेन आणि भरणं, एका वेळी सुमारे अडीच लिटर, होंडाचं डीडब्ल्यू-वन ऑइल. ड्रेन नटाची खाच चौकोनी, ३/८ चा रॅचेट थेट बसतो. लेव्हल मात्र उलट: इंजिन गरम करून बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत बघायची.

गंगापूररोडकर, तिन्ही बदल झाल्यावरही सकाळचा झटका तसाच राहिला तर माउंट (इंजिन ज्या रबरांवर टेकतं ती) बघा. बॉनेट उघडून कोणाला तरी ब्रेक घट्ट दाबून डी-आर-डी करायला सांगा, गाडीसमोर उभं राहू नका, बाजूने बघा. इंजिन ठळक उसळत असेल तर रबर गेलंय. आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या, ते जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे देतात.