पावणेदहा ते सव्वासहा
'शनिवारची सुट्टी मिळाली, आता सरकारी बाबूंना कसली घुसमट' असं लोक म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. सुट्टी मिळाली हे खरंच, आणि तिची चैन आम्ही करतो. पण २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला तेव्हा रोजची वेळही वाढली, हे कुणी लिहिलेलं दिसत नाही. आता पावणेदहा ते सव्वासहा, आणि शिपायांना साडेनऊ ते साडेसहा. अंबरनाथ-बदलापूरकडून येणाऱ्या माणसाला सव्वासहानंतरची गाडी म्हणजे दारात लटकणंच. आधी निदान आत उभं राहायला मिळायचं.

आमच्याकडे खरा जाच आहे तो हजेरीसाठीच्या अंगठ्याच्या मशीनचा. आमच्या शिपाईमामांचा अंगठा ते ओळखतच नाही. वर्षानुवर्षं गठ्ठ्यांच्या सुतळ्या आवळून रेषाच पुसट झाल्यात. मामा रोज नऊ पंचवीसला येतात, अंगठा शर्टाला पुसतात, फुंकर मारतात, दाबतात, पुन्हा दाबतात. मागे रांग चुळबुळायला लागली की बाजूला होतात आणि सगळे आत गेले की परत येतात. तोवर लेटमार्क. आमच्याकडे तीन लेटमार्कांना एक किरकोळ रजा कापतात, म्हणजे वेळेवर येणाऱ्या माणसाची रजा जाते. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, 'लेखी अर्ज द्या.' अर्ज मीच लिहून दिला, मामांनी खाली सही केली. आवक क्रमांक पडलाय. (तो टाकला मामांनीच, आवक-जावक तेच बघतात.)