कळी दिसली की फवारणी बंद! उघड्यावरच्या गांजाबद्दल माझं ठाम मत

रानवारा:
कॅलिफोर्नियात सेंट्रल व्हॅलीत राहणाऱ्या आणि परसात कायदेशीर रोपं लावणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा विषय काढतोय. 2016 च्या प्रॉपोझिशन 64 नंतर (मतदारांनी मंजूर केलेला गांजाचा कायदा) इथे 21 वर्षांवरच्यांना घरटी सहा रोपं लावता येतात. उघड्यावर लावायचं की नाही ते मात्र गावागावावर आहे. सॅक्रॅमेंटो शहरात तर बंदीच आहे. जिथे परवानगी आहे तिथल्यापुरतं बोलतो.

ऑगस्टमध्ये दिवस लहान व्हायला लागून कळी दिसली, की त्या झाडावर काहीही मारू नये. गंधक नको, कडुनिंबाचं तेल नको, "सेंद्रिय" छापलेली बाटलीही नको. द्राक्षं आपण धुऊन खातो, टोमॅटो शिजवतो. हे फूल न धुता वाळवलं जातं आणि त्याचा धूर थेट छातीत जातो. द्राक्षाच्या भुरीवर (पानांवरची पांढरी बुरशी) चालणारं मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक तापलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. कॅनडात 2017 च्या सुमारास परवानाधारक कंपन्यांच्या मालात ते सापडलं आणि माल परत मागवावा लागला.

शिवाय ऊन नीट सांभाळलं तर बरेचसे रोग फिरकतच नाहीत. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत माती तापते, मुळं भाजतात, आणि दुपारी झाडाने मान टाकली की लोक घाबरून परत पाणी ओततात. मुळाशी आधीच ओल असते. मग पिथियम किंवा फ्युझॅरियम या मातीतल्या रोगजंतूंनी मूळकूज ठरलेली. पहाटे एकदाच भरपूर पाणी, बुंध्याशी पेंढ्याचं जाड आच्छादन, कुंडीच्या अंगाला सावली आणि दुपारनंतर 30 टक्क्यांचं शेडनेट. एवढं केलं तर फवाऱ्याची आठवण कशाला येईल?

निफाडचा_आबा:
भाऊ, मायक्लोब्युटानिलचं शंभर टक्के पटलं. पण "काहीच नको" हे बागाईतदाराचं बोलणं नाही. निफाडला घरची द्राक्षबाग केली, आता इथे परवान्याच्या शेतावर पीकसंरक्षण बघतो, म्हणून सांगतो.

तुम्ही उन्हाचंच बोललात, अळी विसरलात. इथली मक्यावरची हेलिकोव्हर्पा ही आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीची सख्खी बहीण. पतंग रात्री येऊन अंडी घालतो, अळी कळीत शिरते, आतून खाते आणि आतच विष्ठा टाकते. त्या ओल्या घाणीवर बोट्रायटिस ही बुरशी बसते. ऑक्टोबरात दव पडायला लागलं की बाहेरून धडधाकट दिसणारा फुलांचा तुरा बोटाने उलगडून बघा, आत राखाडी बुरशी. तो तुरा ओढणाऱ्याच्या छातीत काय जाणार, त्याचाही विचार करा की!

म्हणून कळी धरायच्या सुमारास बीटी, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूचं औषध, मारावंच लागतं. उन्हात ते लवकर निकामी होतं, त्यामुळे संध्याकाळी मारायचं आणि अळी लहान असतानाच. मोठ्या अळीला त्याचा फारसा फरक पडत नाही. गंधकाबद्दल तुमच्याशी सहमत, पण कारण वेगळं: 32 अंशांच्या वर मारलं तर पान करपतं, आणि तेल मारून दोन आठवडे झाले नसतील तरी तेच.

माधवीताई:
आबा, अळीपुरतं मान्य. पण आमच्याकडे जुलैत नुकसान करतो तो लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. 30 अंशांच्या आसपास अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला जेमतेम आठवडा लागतो. तुम्ही कीटकनाशक मारलंत की त्याचे शत्रू आधी मरतात आणि कोळी दुपटीने फोफावतो. मी परभक्षी कोळी, म्हणजे या कोळ्याला खाणारे कोळी, सोडते. त्यातही निवड बघायला हवी. फायटोसिअलस पर्सिमिलिस झपाट्याने खातो, पण कोरड्या उकाड्यात टिकत नाही. निओसिअलस कॅलिफोर्निकस हळू काम करतो, पण आपल्या व्हॅलीच्या हवेत तग धरतो. आणि अंगणातला धुरळा आवरा. धुळीने माखलेल्या पानांवर कोळी जोरात वाढतो.

निफाडचा_आबा:
ताई, कोळ्याचं मीही असंच करतो. शेतावर दुसरं जमतही नाही. इथल्या तपासणीत क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल, डायमेथोएट अशी कीटकनाशकं नुसती सापडली तरी माल बाद होतो. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारी औषधं ही. घरच्या सहा रोपांची तपासणी कोणी करत नाही, म्हणून घरी पिकवणाऱ्याने जास्त कडक राहायला हवं. इथे मी रानवारांच्याच बाजूने आहे.

अभिजित_के:
मध्येच बोलतो, पण गंभीरपणे. ग्रीनकार्डवाल्यांनी आणि व्हिसावाल्यांनी हे करूच नये. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बेकायदा आहे. राज्यात चालत असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात सच्चारित्र्याच्या मुद्द्यावर तो आड येऊ शकतो, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केलंय. आणि महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनो, एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 20 खाली लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कुंडीतलं एक रोपसुद्धा लागवडच.

रानवारा:
अभिजित, बरं झालं लिहिलंत. ज्यांचे कागद अजून व्हायचेत त्यांनी यात पडूच नये.

आबा, बीटी कळी धरण्याआधी मारा, माझी हरकत नाही. तुरा भरायला लागल्यावर मात्र नाही. तेव्हा अळी हाताने वेचायची, रात्री बॅटरी घेऊन. सहा रोपं आहेत, सहा एकर नाहीत! झाड आतून विरळ ठेवलं, खालच्या सावलीतल्या फांद्या जुलैतच काढल्या, की वारा खेळतो आणि बुरशीला थारा राहत नाही. भुरी कडक उन्हात दबलेली असते, दाट सावलीच्या पानांवरच आधी दिसते.

निफाडचा_आबा:
वेचणार कधी? 6 सप्टेंबर 2022 ला सॅक्रॅमेंटोत 116 फॅरनहाइट झालं, म्हणजे जवळजवळ 47 अंश, ऐन फुलोऱ्यात. अशा आठवड्यात नोकरी करून आलेला माणूस रात्री प्रत्येक तुरा तपासणार नाही. एक तुरा सुटला तरी कूज शेजारच्यात जाते. लोक करतील असं सांगा भाऊ.

माधवीताई:
दोघेही विषाणूबद्दल गप्प आहात. पानं आकसवणारा कर्ली टॉप विषाणू तुडतुडे आणतात. वसंत संपताना डोंगरउतारावरचं तण वाळलं की ते खाली व्हॅलीत उतरतात, आणि त्यावर कुठलीच फवारणी औषध नाही. हॉप लेटंट व्हायरॉइड (विषाणूहूनही साधा रोगकारक) तर आपणच आणतो, कलमांतून आणि कात्रीतून. 2019 मध्ये तो इथल्याच झाडांत ओळखला गेला. रोप खुजं राहतं, फुलात चीक धरत नाही, आणि माणूस उन्हाला दोष देत बसतो. प्रत्येक झाडानंतर कात्री ब्लीचच्या पाण्यात बुडवा.

रानवारा:
ताईंचं बरोबर आहे, आणि हे माझ्याच बाजूचं आहे. रोगट रोप जूनमध्येच उपटा. आबा, लोक करतील असं म्हणाल तर सहाऐवजी दोनच रोपं लावा. दोन झाडांचे तुरे रात्री तपासता येतात.

निफाडचा_आबा:
दोनचं पटलं. बीटीचं नाही.